माझ्या स्वप्नातली फोर बाय फोर: कंपनीने कारखान्यातूनच काय द्यावं?

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड गाड्यांचा आहे, पण मायलेज, सनरूफ, टचस्क्रीन यातलं काही नाही. आज चिखलाबद्दल बोलायचंय. कुठल्याही फोर बाय फोर बनवणाऱ्या कंपनीने मला बोलावून विचारलं, "बाबा रे, सांग, तुला कारखान्यातून काय काय बसवून देऊ?" तर मी काय सांगेन, त्याची ही यादी. ही यादी माझी एकट्याची नाही. निम्मी माझ्या मामाची आहे.

आधी मामाची गोष्ट सांगतो, म्हणजे यादी का केली ते कळेल.

माझं आजोळ वेल्ह्याच्या पलीकडे, एका वाडीत. डांबरी रस्ता खाली संपतो, पुढे मुरमाचा चढ. मामाकडे जुनी जीप होती. फोर बाय फोर, पाट्यांची, हीटर नाही, काचा वर करायच्या तर हाताने ओढायच्या. पावसाळ्यात अख्ख्या वाडीची ती एकच गाडी. लग्नाचं सामान, खताची पोती, आजारी माणूस, सगळं त्यातच.

मी बारावीत होतो त्या वर्षीचा जुलै. भात लावणी चालू होती. संध्याकाळी शेजारच्या काकांना बांधावर साप चावला. मामाने जीप काढली, मागे काकांना बसवलं, मी त्यांना धरून बसलो. उतार उतरलो, ओढा ओलांडला, आणि पलीकडच्या चढावर जीप अडकली. पाण्याने रस्त्यात घळ पाडली होती. पुढचं डावं चाक घळीत लोंबकळतंय, मागचं उजवं चाक उचललंय. बाकी दोन चाकं जमिनीवर घट्ट होती. मामाने लो गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दिला. फिरली कोणती? हवेतली दोन. जमिनीवरची दोन ढिम्म हलली नाहीत.

शेवटी घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली आणि चौघांनी काकांना खालच्या रस्त्यापर्यंत नेलं. तिथून दुसरी गाडी मिळाली. पाऊण तास गेला. काका वाचले, आठ दिवसांनी घरी आले, अजून शेती करतात. पण तो पाऊण तास मामा विसरला नाही. मला म्हणायचा, "आरं, चार चाकं होती, चारीला इंजिनाची ताकद होती, मग गाडी हलली का न्हाई?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आज देतो.

एक: बटणावर चालणारा डिफ लॉक

डिफरन्शियल म्हणजे काय? वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. दोन्ही एकाच वेगाने फिरली तर टायर घासतील. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो. तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. डांबरी रस्त्यावर फार छान. पण त्याची एक खोड आहे. साधा डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि किती जोर द्यायचा हे ठरवतं ते कमजोर चाक. एक चाक हवेत असेल तर ते फिरवायला जवळजवळ शून्य जोर लागतो. मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. म्हणजे काहीच नाही.

मामाची जीप फोर बाय फोर होती, पण पुढचा डिफही साधा आणि मागचाही साधा. त्यामुळे तिरकी अडकली की प्रत्येक ॲक्सलवरचं एक-एक चाक हवेत फिरत राहणार. मामाच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

डिफ लॉक काय करतो? डावं आणि उजवं चाक एकमेकांना घट्ट बांधतो. एक हवेत असलं तरी दुसरं फिरणारच, कारण त्याला वेगळा पर्याय नाही. त्या दिवशी नुसतं मागचं लॉक असतं ना, तरी जीप चढली असती असं मला मनापासून वाटतं.

आता बाजारात काय मिळतं ते बघा. मारुतीच्या जिम्नीत ब्रेकवर चालणारी पद्धत आहे. फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतः ब्रेक लावते, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. गाडी हलकी आहे, त्यामुळे बरंच जमतं. पण चाक आधी घसरणार, मग यंत्रणा जागी होणार. तिकडे फोर्सच्या गुरखाला मी सलाम करतो. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ॲक्सलला ड्रायव्हरने स्वतः लावायचे लॉक, आणि तेही कारखान्यातून. महिंद्राच्या थार रॉक्समध्ये मागे इलेक्ट्रॉनिक लॉक येतो, पण ठरावीक व्हेरियंटमध्ये.

माझं म्हणणं इथेच आहे. चिखलात चाक एकदा फिरलं की खड्डा करतं. लॉक आधीच लावता आला पाहिजे, अडकल्यावर नाही. आणि तो सगळ्यात स्वस्त फोर बाय फोर व्हेरियंटमध्येही मिळाला पाहिजे. कारण ज्याला खरी गरज आहे तो वाडीतला माणूस टॉप मॉडेल घेत नाही.

दोन: ॲक्सलचे ब्रीदर उंचावर

हे ऐकायला एकदम कंटाळवाणं वाटतं. पण थांबा, स्किप करू नका.

जाहिरातीत आकडे येतात. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, गुरखा ७०० मिलिमीटर. गुरखाला तर स्नॉर्कलही कंपनीचाच. छान. पण स्नॉर्कल फक्त इंजिनाला कोरडी हवा देतो. खाली ॲक्सलचं काय?

ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये ऑइल असतं आणि हवा असते. गाडी चालली की ते गरम होतं, हवा फुगते. म्हणून हवा ये-जा करायला एक छोटी नळी असते, ती ब्रीदर. आता गरम ॲक्सल एकदम थंड ओढ्यात घातला की आतली हवा आक्रसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी ओढेल. मग ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. त्या दिवशी काही कळत नाही. काही महिन्यांनी बेअरिंग आवाज करायला लागतं आणि मिस्त्री म्हणतो, "साहेब, हाउसिंग खोलावं लागेल."

उपाय काय? ती नळी लांब करून बोनेटच्या आत वरपर्यंत नेणं. रबरी नळी आणि दोन क्लिपा. लाखभराच्या टचस्क्रीनपुढे हा खर्च किती? म्हणून माझी मागणी साधी आहे. पाण्याचा जो आकडा जाहिरातीत छापता, त्याच्या वर सगळे ब्रीदर न्या, आणि तसं मॅन्युअलमध्ये लिहून द्या.

तीन: टोचन लावायच्या खऱ्या जागा

अडकलेल्या गाडीला टोचन कुठे लावतात? जिथे दोरी अडकेल तिथे! कुणी बंपरला, कुणी मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला. मंडळी, हात जोडतो, गोळ्याला कधीच लावू नका. झटका बसला की तो तुटून गोळीसारखा सुटतो.

मला हवेत पुढे दोन आणि मागे दोन हूक, सरळ चॅसीला बोल्ट केलेले, रंग असा की चिखलातही दिसावा, आणि शेजारी ठळक लिहिलेलं की किती वजन झेपेल. मराठीतही लिहा की! चिखलात उभं राहून मॅन्युअल कोण वाचतं?

चार: हवा भरायचा पंप

ऑफ-रोडची सगळ्यात स्वस्त युक्ती माहितीये? टायरमधली हवा कमी करणं. ३२-३३ पीएसआयवरून १८-२० वर आणलं की टायर जमिनीवर लांब पसरतो, पकड वाढते, दगडावर मऊ बसतो. पण परत डांबरीवर आलात की हवा भरलीच पाहिजे, नाहीतर टायर तापतो आणि रिममधून निसटूही शकतो. वाडीजवळ पंक्चरवाला कुठे? लँड रोव्हर डिफेंडरला गाडीतच बसवलेला पंप ॲक्सेसरी म्हणून मिळतो. तो आपल्याकडच्या साध्या गाड्यांनाही द्या. आणि स्टेपनी पूर्ण मापाची, त्याच टायरची. यावर चर्चा नको.

पाच: चाकांना मोकळं सोडणारं बटण

वळणावर गाडी कलू नये म्हणून अँटी-रोल बार असतो. तो दोन बाजूंची चाकं एकमेकांना बांधून ठेवतो. खडकात मात्र एक चाक वर जाताना दुसरं खाली सुटायला हवं. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटणाने सोडता येतो. त्याच गाडीचा लो गिअर ४:१ आहे, जिम्नीचा साधारण २:१. म्हणजे रुबिकॉन जास्त हळू आणि जास्त जोरात रांगते. रँग्लर आपल्या पुण्याजवळ रांजणगावात जोडली जाते बरं का! पण किंमत ऐकली की आपण नुसते रांगतो.

आता मुद्द्याचं: कारखान्यातूनच का?

तुम्ही म्हणाल, "दादा, एवढं काय? बाहेरून बसवून घे की!" मीही तेच केलं होतं.

नोकरी लागल्यावर सेकंड हँड फोर बाय फोर घेतली. मोठे टायर टाकले, पुढे लोखंडी बंपर बसवला, वर लाइटबार. इन्स्टावर फोटो टाकले, लाइक आले. मग एका पावसात गाडी बाजूच्या कठड्याला घासली. क्लेम टाकला. पाहणीला आलेल्या माणसाने गाडीभोवती एक चक्कर मारली, फोटो काढले आणि विचारलं, "यातलं आरसीवर काय आहे?" काहीच नव्हतं. क्लेम अडकला. शेवटी दुरुस्तीचे पैसे मीच भरले. त्या दिवशी राग आला होता. आज वाटतं, चूक माझी होती.

कारण कायदा काय सांगतो? जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेली मूळ वैशिष्ट्यं बदलतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं होतं.

आणि त्यामागे कारण आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणजे धक्का तो खातो, आपण नाही. पुढे लोखंड लावलं की धक्का थेट चॅसीला, एअरबॅगच्या सेन्सरचंही गणित बिघडतं. आणि रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला तो बार लागला तर विचारायलाच नको. टायरचंही तसंच. टायरचा व्यास १० टक्के वाढवला, तर मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल. ब्रेक मात्र जुन्याच मापाचे.

म्हणजे बघा, आपल्याकडे कारखाना हेच खरं गॅरेज आहे. कंपनीने चाचणी करून, मंजुरी घेऊन बसवलं तरच ते कायदेशीर, तरच विमा मिळणार. अमेरिकेत रँग्लर रुबिकॉनला विंच कंपनीकडूनच घेता येते. जादाच्या दिव्यांसाठी, पंपासाठी आधीच वायरिंग केलेले चार मोकळे स्विच मिळतात. इथे आपण लाइटबारची वायर बॅटरीला कशीतरी गुंडाळतो आणि देवाचं नाव घेतो.

आणखी एक. गाडी जाते म्हणून सगळीकडे घालायची नसते. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौल-स्पितीत एकाने चंद्रा नदीतून गाडी नेली, व्हिडिओ फिरला, पोलिसांनी दंड केला. बरोबर केलं. आपल्या कोकणातही दर सुट्टीला कुणाची तरी गाडी ओल्या वाळूत रुततेच, आणि भरती येईपर्यंत गावातली पोरं ती ढकलत असतात. नदी, किनारा, पठारावरची फुलं ही आपल्या टायरसाठी नाहीत. फोर बाय फोर जिथे रस्ता खराब आहे तिथे लागते. जिथे रस्ताच नाही तिथे नेण्याची हौस वेगळी.

शेवटची मागणी, मामाची

ही यादी घेऊन मी मागच्या दिवाळीत मामाकडे गेलो. जीप केव्हाच विकली. मामाचे गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत. ओसरीवर बसून सगळी यादी वाचून दाखवली. लॉक, ब्रीदर, हूक, पंप. मामाने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मागच्या बाजूला काय हाय?"

म्हटलं, "मामा, दोन सीट. चार्जिंग पॉइंट. कप ठेवायला जागा."

मामा म्हणाला, "माणूस आडवा झोपंल का?"

मी गप्प.

"सीट पाडल्यावर पुरुषभर लांबी पायजे. सपाट. दोन्ही बाजूला पट्टा बांधायला कड्या. आन् शेजारी एकाला बसाया जागा, पेशंटला धरायला. त्या दिवशी तू त्यांना कसं धरलं व्हतंस, आठवतं का?"

आठवतं. माझा एक हात काकांच्या खांद्याभोवती, दुसरा जीपच्या पाइपला. प्रत्येक खड्ड्यात त्यांचा पाय आपटत होता.

तर मंडळी, माझ्या यादीतला सहावा मुद्दा मी पहिल्या क्रमांकावर घेतलाय. कंपन्यांच्या जाहिरातीत गाडी नेहमी डोंगरमाथ्यावर, सूर्यास्ताकडे तोंड करून उभी असते. मला ती उलट दिशेने येताना बघायचीय. रात्री, पावसात, वाडीवरून खाली, मागे कुणीतरी नीट झोपलेलं, आणि चढावर न थांबता.

तुमच्या गावात अशी एखादी गाडी आहे का? ती चालवणाऱ्या काकाला, मामाला, दादाला एकदा विचारा की कंपनीने काय द्यावं. उत्तर व्हॉइस नोट करून पाठवा. चांगली उत्तरं पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. आणि गाडी चालवत ऐकत असाल तर आता फोन खाली ठेवा, पुढे बघा. भेटू!