डबा कोणी भरायचा?

(महिला मंडळांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा काही भाग)



मी ज्या वस्तीत काम करते, तिथल्या शाळेनं मागच्या वर्षी घरोघर एक चिठ्ठी पाठवली. 'डब्यात वेफर्स, नूडल्स, क्रीमची बिस्किटं देऊ नयेत. मातांनी लक्ष द्यावे.' मातांनी! पालकसभेलाही झाडून साऱ्या आयाच. बाई तळमळीनं बोलत होत्या, पण बोलता बोलता त्यांनी एकीला उभं केलं. तिचा मुलगा रोज पाच रुपयांची वेफर्सची पुडी खातो म्हणून. ती मान खाली घालून उभी राहिली.

नंतर मी तिच्या घरी गेले. पहाटे साडेचारला पाणी येतं. सहाला ती पहिल्या कामावर हजर. तिथं काय करते? त्या घरातल्या मुलांच्या डब्याच्या पोळ्या लाटते! स्वतःच्या मुलाच्या उशाशी पाच रुपये ठेवून निघते. आठवीपर्यंत हा प्रश्न नव्हता, कारण शाळेत खिचडी मिळायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशामुळे शिजवलेलं अन्न शाळेत आलं, पण ते आठवीपर्यंतच. मुलगा नववीत गेला आणि पुडी सुरू झाली. वाढत्या वयाची भूक काय आठवीत संपते?

पुडीची बाजू मी घेत नाही. मीठ, तेल, मैदा यांनी पोट भरल्यासारखं वाटतं, पण लोह आणि प्रथिनं कुठून मिळणार? देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आहेत, असं २०१९-२१ ची राष्ट्रीय पाहणी सांगते.

पण चिठ्ठी आईलाच का? २०१७ मध्ये राज्य शासनानं शाळांच्या उपाहारगृहांत असे पदार्थ विकायला बंदी केली. २०२० च्या केंद्राच्या नियमांनी शाळेपासून ५० मीटरच्या आत त्यांची विक्री आणि जाहिरात बंद केली. आमच्या शाळेच्या फाटकासमोर पुड्यांच्या माळा लटकताहेत. ती टपरीही एका एकट्या बाईची आहे, म्हणून तिला हुसकावून लावा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कंपनीला मात्र कुणी चिठ्ठी देत नाही.

आणि बापाला? तो नऊपर्यंत घरीच असतो. मी विचारलं तर ती हसली. "ताई, ते कुठं पोळ्या लाटणार?" २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत घरकामाला बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७. तीही घरकाम करणाऱ्या पुरुषांची, आणि असे पुरुष चारात एकच! मुलगाही चौदा वर्षांचा आहे. त्याच्या जागी मुलगी असती तर तिनं दोन डबे भरले असते.

मंडळानं शाळेला उलट पत्र दिलं. चिठ्ठीवर दोघांची नावं घाला, सभा रविवारी घ्या, खिचडी दहावीपर्यंत मिळावी म्हणून आमच्यासोबत अर्जावर सही करा. सही अजून झालेली नाही. सभा मात्र रविवारी झाली. तीन बाप आले. दोघे गप्प बसले. तिसऱ्यानं निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, मटकी किती तास भिजवायची?