गल्लीतले मत

लोकसभेची निवडणूक आली की पारावर, कट्ट्यावर, एस्. टी.च्या फलाटावर चर्चेला नुसता ऊत येतो. दिल्लीत कोण बसणार, कोणाचे किती येणार, याची गणिते चहाच्या कपाबरोबर मांडली जातात. नगरपालिकेची निवडणूक आली म्हणजे मात्र शिकलासवरला माणूस जरासे नाक मुरडतो. ‘गल्लीबोळातले राजकारण ते! आपल्याला काय करायचे आहे त्यात?’ असे म्हणून मोकळा होतो. गंमत अशी, की त्याच माणसाच्या नळाला सकाळी पाणी आले नाही तर तो काही दिल्लीला पत्र लिहीत नाही. तो नगरसेवकाचे दार ठोठावतो. गटार तुंबले, दिवा गेला, कचऱ्याची गाडी आली नाही, जन्माचा दाखला हवा झाला, की आपली पावले पालिकेकडेच वळतात. मग जिच्याशी आपला रोजचा संबंध, तिची निवडणूक आपल्याला हलकी का वाटावी? आज आपण थोडा याचाच विचार करू.

ही संस्था आपल्या मुलखात काल-परवा आलेली नाही. शहरांत म्युनिसिपालिट्या स्थापण्याचा कायदा 1850 साली झाला, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांतच सातारा, कऱ्हाड, वाई, इस्लामपूर, आष्टा अशा गावांत म्युनिसिपालिट्या निघाल्या. पण त्या काळी सभासद मतांनी येत नसत. सरकार नेमील तो सभासद. 18 मे 1882 रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव केला आणि त्यानंतर निवडून आलेल्या सभासदांना जागा मिळू लागली. तेव्हाही मत सर्वांना नव्हते. ठराविक कर भरणारा, ठराविक मिळकतीचा धनी, त्यालाच काय तो अधिकार. झाडूवाला, हमाल, मोलकरीण यांनी शहर स्वच्छ ठेवायचे. पण शहराचा कारभार कोणी करायचा हे ठरवताना त्यांना कोणी विचारायचे नाही! आज त्या मोलकरणीचे मत आणि बंगलेवाल्याचे मत एकाच वजनाचे आहे. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिचे मोल आपण विसरलो आहोत.

सभागृहातल्या एका सभासदाने काय होते, असेही पुष्कळदा विचारले जाते. त्याला महात्मा फुल्यांचे उदाहरण चांगले उत्तर आहे. फुल्यांचे मूळ घराणे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. 1876 ते 1882 या काळात ते पुणे म्युनिसिपालिटीचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार, म्हणून हजार रुपये खर्चून स्वागत करावे असा विचार पुढे आला. बाकीचे सभासद राजी होते. फुल्यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावावा, असे त्यांचे म्हणणे. ठराव काही त्यांच्यामुळे पडला नाही. पण करदात्याचा पैसा कशासाठी, हा प्रश्न त्या एका मताने नोंदवून ठेवला. नगरसेवक कसा असावा, याचा याहून सोपा धडा मला तरी ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण तर अगदी आपल्या दारातले. औंध हे लहानसे संस्थान. त्याचे औंध, आटपाडी आणि कुंडल हे तुकडे आज सातारा व सांगली जिल्ह्यांत आहेत, गुणदाळचा तुकडा कर्नाटकात गेला. 1939 साली राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपण होऊन प्रजेला स्वराज्याची घटना दिली. मागे सल्ला महात्मा गांधींचा, आणि खटपट अप्पासाहेब पंत व पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांची. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हायची आणि तिच्यातून वरच्या विधिमंडळात माणसे जायची, अशी ती रचना होती. म्हणजे आधी पाया, मग कळस. 1948 साली संस्थान विलीन झाले आणि तो प्रयोग तिथे थांबला. पण गावच्या माणसाच्या हाती कारभार दिला तर तो करू शकतो, हा विश्वास या मातीत तेव्हाच रुजलेला होता. 1943 नंतरच्या प्रतिसरकारातही तोच विश्वास निराळ्या रूपाने दिसला.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत मात्र या संस्थांना भक्कम जागा मिळायला 1992 साल उजाडावे लागले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना आणि चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले. दर पाच वर्षांनी निवडणूक, ती घेण्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, स्त्रियांना निदान एकतृतीयांश जागा, असा बंदोबस्त झाला. महाराष्ट्राने 2011 साली स्त्रियांच्या जागा निम्म्यावर नेल्या. कागदावर पाहिले तर सारे कसे जिथल्या तिथे!

पण प्रत्यक्षात काय झाले? साताऱ्याच्या पालिकेची मुदत 2021 च्या अखेरीस संपली. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून 1998 साली महानगरपालिका झाली. तिच्या सभागृहाची मुदत 2023 च्या ऑगस्टात संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला, आणि राज्यभर एकामागून एक संस्थांवर प्रशासक बसले. अखेर सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला. तेव्हा कुठे डिसेंबर 2025 मध्ये नगरपालिकांसाठी आणि 15 जानेवारी 2026 रोजी महानगरपालिकांसाठी मतदान झाले.

यातही शाहूपुरी, विलासपूर या साताऱ्याच्या उपनगरांची कथा ध्यानात घेण्याजोगी आहे. 2020 साली हद्दवाढ झाली आणि ही वस्ती पालिकेत आली. शाहूपुरीची ग्रामपंचायत त्यामुळे गेली. पालिकेत मत द्यायची वेळ मात्र पाच वर्षांनी आली. म्हणजे सरपंच गेला आणि नगरसेवक यायचा होता. घरपट्टी भरायची, पण आपल्या मताने निवडलेला एकही माणूस सभागृहात नाही! कर आहे आणि प्रतिनिधी नाही, या एका तक्रारीवरून अमेरिकेच्या वसाहतींनी इंग्लंडच्या राजाशी उभा दावा मांडला होता. आपल्याकडे कोणी फारसे बोललेही नाही. मला त्या पाच वर्षांपेक्षा हे न बोलणेच अधिक चिंतेचे वाटते.

आता कोणी म्हणेल, ‘प्रशासकाच्या काळात काय बिघडले? उलट भांडणे कमी झाली.’ हे म्हणणे अगदीच खोटे नाही. पुष्कळ अधिकारी मन लावून काम करतात, आणि सभागृहातला गोंधळ पाहून कोणाचाही जीव विटावा, असे प्रसंग आपण वाचतो. परंतु अधिकारी आज आहे, उद्या त्याची बदली. त्याला जाब विचारणारे वर बसलेले असतात, खाली गल्लीत नव्हे. सांगलीचेच पाहा. 2005, 2019 आणि 2021, तीन वेळा कृष्णेचे पाणी शहरात शिरले. आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी ऐकत घरेच्या घरे रात्रभर जागली. आता पूररेषेच्या आत बांधकाम व्हावे की नाही, ओढे-नाले मोकळे राहावेत की त्यांवर भराव पडावा, शेरीनाल्याचे सांडपाणी नदीत किती दिवस जाऊ द्यायचे, हे निव्वळ इंजिनियरचे प्रश्न नाहीत. त्यांत कोणाचा तरी फायदा आणि कोणाचा तरी तोटा असतो. म्हणून ते उघड्या सभेत, नावानिशी मते नोंदवून सुटले पाहिजेत. ज्याच्या घरात पाणी शिरते त्याचा माणूस त्या सभेत हवा. निवडणूक हवी ती एवढ्यासाठी.

तर मग निवडणूक झाली म्हणजे सारे भागले का? तसेही नाही. आपली मत देण्याची रीत आपणच एकदा तपासून पाहावी. भावकी कोणाची, गट कोणता, आघाडी कोणाची, जेवणावळ कोठे, आणि शेवटच्या रात्री दारात काय आले, हे हिशेब आपल्या ओळखीचे आहेत. पाच वर्षांच्या कारभाराचे मोल एका रात्रीत घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी गटाराची तक्रार कोणत्या तोंडाने करणार? बरे, देणाराही धर्मादाय करत नसतो. तो ती रक्कम वसूल करतो, आणि ती आपल्याच रस्त्याच्या डांबरातून वसूल होते.

काही अडचणी मात्र मतदाराच्या नव्हेत, रचनेच्या आहेत. सांगलीसारख्या महानगरपालिकेत एका प्रभागात बहुधा चार जागा असतात. सांगलीत 2018 साली वीस प्रभाग होते आणि नगरसेवक अठ्ठ्याहत्तर. मतदाराने चार मते द्यायची. त्यांतून चौघे निवडून येतात, आणि मग गटार कोणाचे, हे विचारायला गेलो की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. बारभाईंची खेती म्हणतात ती हीच. नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडावा की नगरसेवकांनी, याचा नियम तर सरकारागणिक बदलला. 2016 साली थेट, 2020 साली नगरसेवकांतून, 2022 साली पुन्हा थेट! खेळाचे नियम असे दर डावाला बदलले, तर खेळणाऱ्याचे आणि पाहणाऱ्याचे, दोघांचेही लक्ष उडते.

पैशाचेही तसेच आहे. 1999 साली नगरपालिकांची जकात गेली आणि पुढे महानगरपालिकांचीही गेली. व्यापाऱ्यांची कटकट मिटली हे खरे. पण पालिकेच्या हातची हुकमी मिळकत गेली आणि वरून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसणे नशिबी आले. जो स्वतःच्या कमाईवर जगत नाही, त्याचा आवाज घरात कितीसा चालणार? पालिका आपल्या घरपट्टीवर जितकी अवलंबून, तितकी ती आपल्याला बांधलेली, हे सूत्र करदात्यानेही ओळखले पाहिजे.

आपण स्थानिक स्वराज्याचा हा साचा इंग्रजांकडून घेतला, म्हणून त्यांच्या घरात काय चालते तेही पाहू. इंग्लंडमधल्या शहरांच्या कारभाराला 1835 च्या कायद्याने निवडणुकीची शिस्त लागली. तिथल्या कित्येक बरोंमध्ये आजही एकतृतीयांश सभासद दर वर्षी निवडले जातात आणि चौथ्या वर्षी विश्रांती. म्हणजे सभागृहाला जवळजवळ दर मे महिन्यात जनतेसमोर परीक्षा द्यावी लागते. उमेदवार दाराची घंटा वाजवतो, हातात एक पत्रक ठेवतो आणि चार शब्द बोलून पुढे जातो. मतदार कागदावर पेन्सिलीने फुली करतो. आपले व्ही. के. कृष्ण मेनन 1934 साली लंडनच्या सेंट पँक्रस बरोमध्ये असेच निवडून आले आणि 1947 पर्यंत नगरसेवक राहिले. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी झगडणारा हा माणूस तिथल्या वाचनालयांच्या कामात जीव ओतत होता. पुढे त्या बरोने त्यांचा मानाचा नागरिक म्हणून गौरव केला.

पण तिथले सारेच अनुकरणीय आहे असे समजू नका. तिथे या निवडणुकांना शंभरातले तीस-पस्तीस मतदार आले तरी नवल वाटत नाही. त्या मानाने आपल्या छोट्या गावांतल्या रांगा पाहाव्यात. काठी टेकत आलेली म्हातारी, कडेवर मूल घेतलेली बाई, दुपारी गिरणी बंद ठेवून आलेला गिरणीवाला. उत्साहाला आपल्याकडे तोटा नाही. तोटा आहे तो निकालानंतरच्या चार वर्षे अकरा महिन्यांत.

म्हणून दोन-चार साध्या गोष्टी सुचवतो. निवडणुकीआधी प्रभागाची प्रारूप यादी प्रसिद्ध होते. त्या वेळी आपले नाव योग्य प्रभागात आहे ना, हे जाऊन पाहावे. मतदानाच्या दिवशी ‘नाव नाही’ म्हणून हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, हरकतीची मुदत तेव्हा उलटून गेलेली असते. उमेदवार दारात आला की त्याला पक्ष विचारू नये. आपल्या पालिकेचे अंदाजपत्रक किती रुपयांचे, हे विचारावे. ज्याला ते ठाऊक नाही, त्याला निदान तुम्ही विचारल्यामुळे ते पाहावे तरी लागेल. निवडून आलेली भगिनी असेल तर काम घेऊन तिच्याकडेच जावे, तिच्या यजमानांकडे नव्हे. कायद्याने दिलेली खुर्ची तिची आहे. आपण यजमानांना ‘नगरसेवक’ म्हणून हाक मारली, की ती आपणच काढून घेतो. आणि 2005 सालचा माहितीचा अधिकार हाताशी आहे. आपल्या गल्लीतल्या रस्त्याला किती खर्च आला, ठेका कोणाला दिला, त्याची हमी किती वर्षांची, हे एका साध्या अर्जाने कळते. दहा घरांनी मिळून असा एक अर्ज वर्षाकाठी केला, तरी त्या प्रभागाची शिस्त बदलू लागते.

सातारा-सांगलीकडचा माणूस दबणारा नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. परक्या सरकारापुढे तो दबला नाही, हे इतिहासाने दाखवले आहे. आपणच निवडलेल्या माणसाला, आपल्याच गल्लीत उभे राहून, आवाज न चढवता ‘हे काम का झाले नाही?’ असे विचारणे त्याहून अवघड असते. कारण तो शेजारी असतो, पाहुणा असतो, लग्नात पुढे बसलेला असतो. ते अवघड काम आपल्याला साधले पाहिजे. नवी सभागृहे आता बसली आहेत. पुढची निवडणूक पाच वर्षांवर असली, तरी पहिला प्रश्न विचारायला उद्याची सकाळही चालेल.