हवा नसलेली चाके

गोदामात माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टला आपल्या मोटारीसारख्या स्प्रिंगा नसतात. फरशीचा प्रत्येक धक्का सोसायचा तो टायरनेच. टायर झिजला, की धक्का थेट चालकाच्या कमरेत. आमच्या भिवंडीच्या गोदामांत खोक्यान्‌खोके मोजले जाते. कमरांची नोंद कोण ठेवतो?

गुळगुळीत फरशीवरच्या गाड्यांना प्रेस-ऑन टायर असतात, म्हणजे पोलादी कड्यावर पक्के बसवलेले भरीव रबर. हवाच नाही, म्हणून पंक्चर नाही. आणि पंक्चर नाही म्हणून कुणी वाकून बघतही नाही! ते चाकावर दाबयंत्रानेच चढवायचे, हातोड्याचे ते काम नव्हे. अशी गाडी बाहेर खडीवर नेली, तर रबराचे लचके तुटतात. औषधे, खाद्यपदार्थ असतील तिथे डाग न पाडणारे टायर घेतात. त्यांत काजळी नसते. म्हणून ते लवकर झिजतात आणि गाडीत स्थिर वीज साठते. तिला उतरायला जमिनीवर घासत जाणारी पट्टी लावावी.

एक चालक मला म्हणाला, "चाचा, माल डुलायला लागला की मी आधी चाकं बघतो." खरे आहे. एकाच आसावरचे दोन टायर कमीजास्त झिजले, की गाडी एका अंगाला कलते, आणि उंचावरचा माल त्याहून अधिक. म्हणून ते जोडीनेच बदलावेत. बाजूवरच्या अक्षरांपर्यंत रबर झिजले, तर आणखी महिनाभर ओढू नये. सांडलेले तेल रबर खाते. ते लगेच पुसावे. कड्यापासून रबर सुटताना दिसले, तर गाडी तिथेच उभी करावी, मग दारात ट्रक कितीही खोळंबलेले असोत.