साहित्याच्या काट्यावर चिठ्ठी कोणाच्या नांवाची?

(सावित्रीबाई फुले जयंतीस, ३ जानेवारी रोजीं, गांवकरी व शिक्षक यांच्या सभेंत एका शिक्षिकेनें केलेलें भाषण)



आपल्या यवतमाळच्या काळ्या मातींत कापूस वेचतात त्या बाया. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकतात त्या बाया. पण बाजारांत काट्यावर माप झालें कीं चिठ्ठी फाटते ती बहुधा पुरुषाच्या नांवाची. साहित्याच्या बाजारांतही असेंच चालत आलें आहे. जात्यावर ओव्या रचल्या बाईनें, पोराचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतें बाईमाणूस. पण साहित्यसंस्थेच्या खुर्चीवर नांव लागतें तें बहुतकरून पुरुषाचें. हें मी रागानें सांगत नाहीं, हिशेबानें सांगतें.

हिशेब असा. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा १८७८ सालीं पुण्यास न्यायमूर्ति रानडे यांच्या अध्यक्षतेखालीं भरली. तेथून २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनापर्यंत ९८ संमेलनें झालीं. त्यांत अध्यक्षपदीं बसलेल्या स्त्रिया किती? अवघ्या सहा! कुसुमावती देशपांडे (ग्वाल्हेर, १९६१), दुर्गा भागवत (कऱ्हाड, १९७५), शांता शेळके (आळंदी, १९९६), विजया राजाध्यक्ष (इंदूर, २००१), अरुणा ढेरे (यवतमाळ, २०१९) आणि तारा भवाळकर (दिल्ली, २०२५). पहिल्या बाईला त्या खुर्चीपर्यंत पोंचायला ८३ वर्षें लागलीं. यांतील कुसुमावतीबाई अमरावतीच्या, नागपूरच्या कॉलेजांत शिकवीत. ताराबाई सांगलीस शाळेंत शिक्षिका होत्या. म्हणजे शिकविणारी बाई तेथवर जाऊं शकते. पण खेड्यांतल्या मराठी शाळेची बाई त्या यादींत एकही नाहीं.

कोणी म्हणेल, "बाया लिहीतच नव्हत्या, त्याला कोण काय करणार?" हें खरें नव्हे. सावित्रीबाईंचें काव्यफुले १८५४ सालीं छापून निघालें. फुल्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीचा निबंध १८५५ सालीं ज्ञानोदयांत आला. आणि आपल्या वऱ्हाडांतल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं स्त्री-पुरुष तुलना लिहिलें. त्या पुस्तकावर लोक तुटून पडले, तेव्हां ताराबाईंची बाजू घेऊन सत्सारांत लिहिलें तें जोतीराव फुल्यांनीं, १८८५ सालीं. त्याच सालीं ग्रंथकारांच्या सभेचें बोलावणें त्यांनीं नाकारलें. सर्व माणसांचे हक्क जी सभा मनापासून मानीत नाहीं, तिच्यांत आपलें काय काम, असा त्यांचा सवाल होता. पुढें ताराबाईंचें पुस्तक असें विस्मरणांत गेलें कीं तें पुन्हां लोकांपुढें यायला १९७५ साल उजाडलें. ९३ वर्षें! तेव्हां बाया लिहीत नव्हत्या असें नाहीं. लिहिलेलें सांभाळणाऱ्या, छापणाऱ्या, शिफारस करणाऱ्या जागेवर त्या नव्हत्या.

हें दुखणें आपल्याच देशाचें आहे असेंही नाहीं. फ्रान्सची मोठी साहित्य अकादमी १६३५ सालीं निघाली. तिनें पहिली बाई निवडली ती १९८० सालीं. उलट स्वीडन देशांत सेल्मा लागरलोफ नांवाची बाई दहा वर्षें मुलींच्या शाळेंत शिकवीत होती. तिला १९०९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें आणि १९१४ सालीं ती तेथील अकादमीची पहिली स्त्री-सभासद झाली. मास्तरीणबाईच ती!

आतां कुलूप कोठें आहे तें पाहूं. विदर्भ साहित्य संघ १९२३ सालीं अमरावतीस स्थापन झाला. अशा घटक संस्था मिळून साहित्य महामंडळ बनतें. पूर्वीं संमेलनाध्यक्षाची निवडणूक मतदानानें होई. यवतमाळच्या २०१९ च्या संमेलनापासून घटक संस्थांनीं सुचविलेल्या नांवांतून महामंडळच निवड करतें. म्हणजे नांव सुचविणार कोण? संस्थेची कार्यकारिणी. कार्यकारिणी निवडणार कोण? सभासद. तेव्हां दार व्यासपीठावर नाहीं, तें सभासदांच्या वहींत आहे. त्या वहींत आपलीं नांवें किती?

२०१९ सालीं आपल्या शहरांत काय घडलें तें आठवा. उद्घाटनासाठीं नयनतारा सहगल यांना दिलेलें निमंत्रण मागें घेतलें गेलें, मोठा गदारोळ झाला, आणि अखेर उद्घाटन केलें तें कळंब तालुक्यांतील राजूरच्या वैशाली येडे यांनीं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनें. शेतकऱ्याची बाई उभी राहिली, बोलली, आणि सारा मांडव ऐकत राहिला. पण बंधूंनो, मांडव तीन दिवसांचा असतो, वही बारा महिने उघडी असते. पाहुणी म्हणून मान मिळणें वेगळें आणि घरचें माणूस म्हणून हक्क असणें वेगळें.

माझ्या शिक्षिका भगिनींची अडचण मला ठाऊक आहे. शाळा सुटली कीं पाणी, चूल, लेंकरें. सभा शहरांत, तीही दिवेलागणीला, शेवटची एस.टी. चुकली तर रात्र कोठें काढायची? म्हणून संस्थांना आपण उघड मागूं या: सभा दुपारीं घ्या, तालुक्याच्या गांवीं घ्या. आणि घरच्या पुरुषांना मागूं या: त्या दिवशीं भाकर तुम्ही थापा. वर्गणी एकटीला जड वाटली तर पांचजणींनीं भिशी घालावी आणि दर खेपेस एकीचें नांव नोंदवावें. वहींत नांव चढलें कीं मत द्यावें, मग उमेदवारीही करावी.

सुताराची, कुंभाराची, कुणब्याची लेक आज शाळेंत शिकवते आहे, कारण सावित्रीबाईंनीं अंगावर शेण झेललें. शिकविण्याचा हक्क त्यांनीं मिळवून दिला. लिहिलेल्या शब्दाची चिठ्ठी आपल्या नांवानें फाडून घेण्याचें काम आपलें आहे. ज्या भगिनींना नांव नोंदवायचें असेल त्यांनीं सभा संपल्यावर थांबावें. कागद मी आणला आहे.