पल्व्हरायझर थरथरतो तेव्हा

मिरची कांडपाचा हंगाम तोंडावर आलाय. आमच्या गटासारखा पल्व्हरायझर तुमच्यापैकी अनेकींकडे असेल. हंगामात बेअरिंग गेलं की गिऱ्हाईक दुसऱ्या गावात जातं आणि त्या वर्षी परत येत नाही. म्हणून आज थरथरीबद्दल बोलू.

यंत्र हलायला लागलं की आपण पायाखाली लाकडाचा तुकडा सारतो, बोल्ट आवळतो. सैल बोल्ट आवळायलाच हवेत. पण थरथर बहुतेकदा आतल्या फिरणाऱ्या भागातून येते. समजा, एक बीटर झिजून समोरच्यापेक्षा २० ग्रॅमनं हलका झाला. चिमूटभर फरक! पण मध्यापासून १२ सेंटिमीटरवर, मिनिटाला २८८० फेरे असतील, तर तेवढाच फरक शाफ्टला सुमारे २२ किलो वजनाइतकी ओढ देतो, आणि ती ओढ सेकंदाला ४८ वेळा गोल फिरते. बेअरिंग टिकणार कसं? वेग दुप्पट केला तर ओढ चौपट होते. म्हणून जास्त माल निघावा यासाठी यंत्राची पुली लहान करू नका, कुणी कितीही सांगो.

बीटर एकटा बदलायचा नाही. समोरासमोरची जोडी बदला, तीही तराजूवर वजन सारखं बघून. आधी मेन स्विच बंद, आणि चाक पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

बंद करताना वेग उतरतो, तेव्हा यंत्र कधी कधी मध्येच जोरात थरथरतं आणि शांत होतं. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, तसंच हे. दुधातून साय काढायचं फिरतं यंत्र बनवणारे स्वीडनचे गुस्ताफ दे लाव्हाल यांनी वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम बारीक, लवचीक शाफ्ट दिला. थरथरीचा वेग ओलांडला की तो शांत फिरायचा.

आता काही मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये विद्युतचुंबक शाफ्टला अधांतरी धरतात. सेन्सर तो किती सरकला हे सेकंदाला हजारो वेळा मोजतो, आणि समोरच्या बाजूचा चुंबक लगेच जोर वाढवून त्याला मागं ओढतो. यंत्र चालू असतानाच थरथर आवरली जाते.

आपल्या यंत्रात हे नाही. म्हणून आम्ही रोज सकाळी ते दोन मिनिटं रिकामं चालवून आवाज ऐकतो. आवाज बदलला, की ती तारीख आणि तोवर किती माल कांडला ते वहीत लिहितो. मिस्त्री आला की पहिल्यांदा तीच वही मागतो.