कांचेची सोयरीक

कांचेचे दोन तुकडे भट्टींत सुमारें ८०० अंश सेंटिग्रेडला एकजीव होतात; पण तो संसार टिकेलच असें नाहीं. निवतांना एकीचें आकुंचन अधिक, दुसरीचें कमी झालें, तर सांध्यांत ताण राहतो आणि नक्षीदार ताटली कित्येक दिवसांनींही आपोआप तडकते. म्हणूनच अमेरिकेंतील पोर्टलंड येथें १९७४ सालीं निघालेल्या बुल्सआय कारखान्यानें परस्परांशीं जुळणाऱ्या, पारखलेल्या कांचा विक्रीस काढल्या.

तडा सांध्याच्या कडेनें गेला, तर दोष बहुधा निवडीचा; सांधा न जुमानतां वांकडातिकडा गेला, तर घाईनें निवविल्याचा. जाड कांच अधिकच सावकाश निववावी. संशय असल्यास काटकोनांत धरलेल्या दोन ध्रुवक-पट्ट्यांमधून जोड पाहावा. सांध्याभोंवतीं प्रकाशाचें वलय दिसलें, कीं ती सोयरीक वेळींच मोडावी.