दोन छाटण्यांच्या प्रदेशातील शाश्वत द्राक्षशेती : स्वागताध्यक्षीय भाषण

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, संशोधक, वाईन उत्पादक आणि सांगली, सोलापूर, पुणे, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांतून आलेले द्राक्ष बागायतदार या सर्वांचे स्वागत समिती नाशिक नगरीत मनःपूर्वक स्वागत करते. द्राक्षशेती व वाईननिर्मिती यांतील पर्यावरणपूरक पद्धती हा परिषदेचा विषय असून त्याची चर्चा निफाड, दिंडोरी, चांदवड आणि बागलाण या तालुक्यांच्या सान्निध्यात व्हावी, हे उचितच आहे. कारण निर्यातीची पेटी असो वा वाईनची बाटली, तिच्यासाठी खर्ची पडलेले पाणी, माती आणि वीज यांचा हिशेब सर्वांत आधी याच तालुक्यांना द्यावा लागणार आहे.

आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाईन संघटनेने 2004 मध्ये शाश्वत द्राक्षशेतीची व्याख्या केली, तेव्हा उत्पादकाचे अर्थकारण, पर्यावरणाला असलेले धोके, मालाची सुरक्षितता आणि ग्राहकाचे आरोग्य यांचा एकत्र विचार तिने अपेक्षिला. न्यूझीलंडमधील बागायतदारांनी त्याही आधी, 1995 पासून, स्वतःची शाश्वततेची आचारसंहिता उभारायला सुरुवात केली होती. या चौकटींचे मोल निर्विवाद आहे. मात्र त्या ज्या प्रदेशांत घडल्या, तेथे वेल हिवाळ्यात पाने गाळून विसावते, वर्षातून एकदाच छाटली जाते आणि थंडी रोग-किडींनाही काही काळ आवर घालते. नाशिकच्या वेलीला अशी विश्रांती नाही. येथील शाश्वततेचा विचार या एका वस्तुस्थितीपासून सुरू झाला पाहिजे, अशी स्वागत समितीची ठाम धारणा आहे.

येथे वेल दोनदा छाटली जाते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर फळ धरले जात नाही, तर पुढील हंगामात फळ देणारी काडी तयार होते आणि त्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती, म्हणजे भावी घडाची अदृश्य मांडणी, पूर्ण होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतर तेच डोळे फुटून घड बाहेर पडतात आणि साधारण जानेवारी ते मार्च या काळात काढणी होते. परिणामी, खरड छाटणीनंतरची कोवळी पालवी वाढवायची वेळ नेमकी तेव्हा येते, जेव्हा उन्हाचा ताव सर्वाधिक आणि विहिरींची पातळी सर्वांत खाली असते; तर गोडी छाटणीनंतरची फूट परतीच्या पावसात सापडते. पाणी आणि फवारणी हे येथील दोन्ही जटिल प्रश्न या वेळापत्रकातूनच जन्मतात.

पाण्याच्या बाबतीत येथील बागायतदाराने पुष्कळ शिकून घेतले आहे. ठिबक सर्वत्र पोहोचले आहे. अवर्षण आणि क्षार सोसणाऱ्या डॉगरिज या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर, हव्या त्या वाणाचे कलम करण्याची पद्धत रूढ झाली आहे. बोदावर पाचटाचे आच्छादन घालून बाष्पीभवन रोखणाऱ्या बागाही आता ठिकठिकाणी आढळतात. छाटणीतून निघालेल्या काड्या बांधावर पेटवून देण्याऐवजी यंत्राने बारीक करून त्याच मातीत मिसळल्या, तर मातीतील सेंद्रिय कर्ब वाढतो आणि ओल अधिक काळ टिकते. परंतु प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यांविषयी या परिषदेत मोकळेपणाने बोलले जावे, अशी समितीची इच्छा आहे. पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवण्यासाठी योजलेले शेततळे जेव्हा कूपनलिकेतून उपसलेल्या पाण्याने भरले जाते, तेव्हा सर्वांच्या मालकीचे भूजल एकाच्या तळ्यात येते आणि त्यातील मोठा हिस्सा उन्हाळ्यात वाफ होऊन उडून जातो. अशा तळ्यावर चालणाऱ्या ठिबकला पाणीबचत म्हणता येणार नाही.

रोगांमध्ये केवड्याची धास्ती सर्वांत मोठी. पानावर ओलीचा पातळ थर काही तास टिकला की या रोगाचे बीजाणू आत शिरतात, आणि 2009 च्या नोव्हेंबरमधील अवकाळी पावसानंतर केवड्याने किती बागा हातच्या घालवल्या, हे येथील शेतकरी विसरलेले नाहीत. त्या धास्तीपोटी आभाळ भरून आले की फवारणीचा ट्रॅक्टर बागेत शिरतो. याला पर्याय आहे: पानांचा ओलेपणा मोजणारे हवामान केंद्र बागेत असेल, फुटींची विरळणी वेळेवर होऊन मांडवात वारा खेळत असेल आणि ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस यांसारख्या उपयुक्त सूक्ष्मजीवांची जोड असेल, तर फवारणी अंदाजाने न होता गरजेनुसार होऊ शकते. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण 1885 पासून परिचित आहे आणि सेंद्रिय शेतीतही ते चालते. तथापि त्यातील तांबे मातीतून नष्ट होत नाही, ते साठत राहते, म्हणूनच युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी 28 किलोग्रॅम तांबे अशी मर्यादा घातली आहे.

उपयुक्त जीवांच्या संदर्भात पिठ्या ढेकूण या किडीचे उदाहरण विशेष बोलके आहे. त्याला खाणारा क्रिप्टोलेमस हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा भुंगेरा बागेत सोडला जातो. पण या भुंगेऱ्याची अळीही पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेली असल्यामुळे ती ढेकणासारखीच दिसते. न ओळखणारा माणूस तिलाच कीड समजून औषध मारतो आणि मित्रकीटक मरतो. अळी ढेकणापेक्षा मोठी व अधिक चपळ असते, एवढे ओळखायला शिकवणारे प्रशिक्षण महागड्या औषधापेक्षा अधिक मोलाचे आहे. ढेकणाने सोडलेल्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याचे रक्षण करतात; त्यामुळे खोडावरची सुटी साल काढून मुंग्यांची वाट तोडणे, हेही नियंत्रणच ठरते.

2010 मध्ये वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आढळल्याने युरोपात येथील द्राक्षे नाकारली गेली, तेव्हा बाजाराने जो धडा दिला, तो अवशेषांपुरता होता. बागेत राबणाऱ्या माणसाच्या अंगावर काय पडते, याची तपासणी कोणत्याही बंदरावर होत नाही. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावले जाते, ज्याला ‘पेस्टिंग’ म्हणतात. युरोपीय संघाने या रसायनाला मान्यता नाकारली आहे. ते कातडीला आणि डोळ्यांना अपाय करते, आणि ते हाताळण्याच्या आगेमागे मद्य घेतल्यास गंभीर त्रास होतो. पेठ-सुरगाण्याहून कामाला येणाऱ्या मजुरांना हातमोजे, चष्मा आणि ही माहिती त्यांच्या बोलीत मिळाली नाही, तर अशा बागेला शाश्वत म्हणणे योग्य नाही.

वाईननिर्मितीकडे येता, 2001 च्या राज्य धोरणानंतर वाढलेल्या या उद्योगात सर्वाधिक वीज शीतकरणाला लागते. रात्री किंवा पहाटे काढणी केल्यास फळ थंडच आत येते आणि हा भार हलका होतो. सांडपाणी मात्र अधिक लक्ष मागते. ते मुख्यतः काढणीच्या तीन महिन्यांत लोंढ्यासारखे येते, त्यात साखर व यीस्टचा मोठा सेंद्रिय भार असतो, आणि टाक्या धुण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरला असेल तर प्रक्रिया केलेल्या पाण्यातही सोडियम उरतो. असे पाणी वर्षानुवर्षे काळ्या जमिनीला दिले की माती घट्ट होऊन तिचा निचरा बिघडतो; पोटॅशियमयुक्त क्षालकांकडे वळणे हा त्यावरील साधा उपाय आहे. दाबणीनंतर उरणारा चोथा आम्लधर्मी असल्याने तो थेट बागेत न टाकता शेणासह कुजवून वापरावा. बाटलीची काच हा वाईनच्या कार्बन भाराचा फार मोठा भाग आहे, आणि जड बाटलीने आतील वाईन सुधारत नाही. हलकी बाटली स्वीकारण्यास केवळ विक्री विभागाचे धैर्य लागते.

या परिषदेच्या कामकाजातून दोन छाटण्यांच्या प्रदेशासाठी स्वतंत्र आचारसंहितेचा मसुदा पुढे यावा, त्यात दर किलो द्राक्षांमागे उपसलेले पाणी, दर हंगामातील फवारण्या आणि मजुरांची सुरक्षा साधने यांच्या नोंदी प्रत्येक बागेने ठेवण्याची तरतूद असावी, आणि त्या नोंदवहीचा नमुना मराठीतच तयार व्हावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे. प्रतिनिधींच्या निवासात किंवा व्यवस्थेत काही उणे राहिल्यास समिती क्षमाप्रार्थी असून, उद्घाटकांनी परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा, अशी विनंती समिती करीत आहे.